धानाचं तोंड दाराकडं

आक्का, घट मी फिरवला होता.

तुम्हाला हे आता ठाऊक आहे. जाण्याआधी चार दिवस तुमच्या पायाशी बसून मी ते एकदाचं सांगून टाकलं. काल तुमच्या तेराव्याला मी फारशी रडले नाही, यावर भावकीत बोलणं चाललंय म्हणे. जन्मभर एका चुलीवर राबलेली जाऊ गेली आणि ही बया पदर खोचून पंगतीत वाढतेय! वाढू नको तर काय करू? पंचवीस वर्षं छातीवर ठेवलेला पाटा उतरला की माणूस आधी श्वास घेतं. रडणं काय, मागनं येतंच. आज सकाळी आलंसुद्धा, तुमची तपकिरीची डबी कोनाड्यात सापडली तेव्हा.

पण तुमच्या-माझ्याखेरीज ही गोष्ट घरात अजून कुणाला ठाऊक नाही. माझी सून मला मोठी शहाणी समजते. तिच्या सासूबाई तेरा वर्षांच्या असताना किती गाढव होत्या, हे तिला कळलेलं बरं. म्हणून लिहितेय.

माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. माहेरी आंबवड्याच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली मी. इथं सासरी, पासलीत, त्या वेळी अक्षर ओळखणारी बाई दुसरी नव्हती; त्यामुळे सगळं कळणारी बाईही मीच, असा माझा समज. प्रत्यक्षात मला भाकरी थापता येत नव्हती, म्हशीची भीती वाटायची आणि आपल्या सासूबाई, आत्याबाई, नुसत्या खाकरल्या तरी मी बांधावरच्या लाजाळूसारखी मिटायची. तुम्हीच मला तसं म्हणायचात. "आली बघा लाजाळू. हात नगा लावू, आताच उमललीया."

आपल्या माजघराला खिडकी नव्हती. आत देव्हारा, आणि उजेड काय तो दारातून येईल तेवढा. घटस्थापनेला आत्याबाईंनी तुमच्या हातून परडीत माती भरून घेतली, धान पेरून घेतलं, वर पाण्याचा घट ठेवला. थोरली सून म्हणून तो मान तुमचा. अखंड दिव्याला पहाटे तेल घालायचं तेही तुमचंच काम. मला फक्त फुलं आणायला सांगितली होती, त्यातही मी पहिल्या दिवशी कारळ्याच्या शेतातली एवढी तोडून आणली की सासरे दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. तेल निघतं त्या बियांतून, ते मला काय ठाऊक.

एकदा बसवलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नाही, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या आंबवड्यालाही तसंच. देवी बसलेली असते.

चौथ्या माळेला धान चार बोटं वर आलं. पिवळं, नाजूक आणि सगळंच्या सगळं दाराकडे कललेलं. आत्याबाई संध्याकाळची माळ बांधता बांधता थांबल्या.

"धानानं दाराकडं तोंड केलंय," त्या म्हणाल्या. "घरातली बाई उंबऱ्याभाईर जायाची ह्या साली."

एवढं बोलून त्या गुरांना पाणी दाखवायला निघून गेल्या, आणि मी तिथंच उभी. घरात बायका तीन. आत्याबाई स्वतःच्या घरातून जाणार नाहीत. तुम्ही थोरल्या, कामाच्या, दोन पोरांच्या आई. उरलं कोण? त्याच आठवड्यात मी दुधाचं मडकं फोडलं होतं, आमटीत दोनदा मीठ घातलं होतं. आंबवड्याला आमच्या शेजारची एक पोर अशीच गाठोडं घेऊन परत आली होती. पुढं तिला कुणी न्यायला आलं नाही. ती दिवसभर भिंतीला टेकून बसलेली असायची. मला त्या भिंतीवरचा तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी भात राखायला खाचरात गेली. मी पोट दुखतंय म्हणून मागं राहिले. देवीला हात जोडले, परडीला दोन्ही हात घातले आणि घट लगाम ओढलेल्या घोड्यासारखा फिरवला. धानाचं तोंड दाराकडून देव्हाऱ्याकडे. संध्याकाळी माळ घालताना आत्याबाईंनी ते बघितलं. "वळलं गं बाई! आईनं ऐकलं," म्हणाल्या आणि चक्क माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, तिसरी शिकल्याचं चीज झालं.

पुढच्या सकाळी फुलं घेऊन गेले, तर धान पुन्हा दाराकडे!

आक्का, माझी काय गत झाली असेल! मी फिरवलेलं देवीनं एका रात्रीत परत फिरवलं होतं. म्हणजे देवीनं ठरवलेलंच होतं, हिला घालवायची. पण मी कसली ऐकतेय? दुपारी पुन्हा पोट दुखलं. पुन्हा फिरवला. सकाळी पुन्हा दाराकडे. पाच दिवस देवीची आणि माझी अशी झटापट चालली होती. रोज संध्याकाळी मी जिंकायची, रोज सकाळी ती. आत्याबाई पहाटेच शेतावर जायच्या, देवघरात यायच्या ते संध्याकाळीच. त्यामुळे त्यांना माझाच विजय दिसायचा. माझ्या पोटदुखीवर मात्र त्यांनी ओव्याचा काढा सुरू केला, तो मला पाच दिवस प्यावा लागला.

दसऱ्याला घट उठवला. पुरुषमाणसांच्या पागोट्यात खोवायला धान उपटायचं, तर ते सरळ नव्हतंच. बैराग्याच्या जटा असाव्यात तसं पिळलेलं, गुंतलेलं. आणि परडी उचलल्यावर खाली सारवलेल्या जमिनीत गोल गोल ओरखडे.

"घट कुनी हलवला?"

आत्याबाईंचा आवाज मोठा नव्हता. म्हणून तर भीती वाटली. मी मिटले. अगदी पान न् पान मिटलं.

आणि तुम्ही म्हणालात, "म्या. सारवताना हात लागला."

मी वर बघितलं. तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतात. सरळ आत्याबाईंकडे बघत होतात. मला वाटलं, या माझ्यासाठी बोलल्या. यांना सगळं कळलंय आणि माझ्यावरचं यांनी आपल्या अंगावर घेतलं.

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. आत्याबाई म्हणाल्या, "आजपासनं घटाला तुझा हात लागायचा न्हाई. धाकटी लावील. आन् भावाला निरोप धाडते, म्हैनाभर मार्गासनीला जाऊन बस. देवीचा राग निवंल तवा ये." तीन वर्षं मानपानाच्या भांडणावरून ज्या माहेरी त्यांनी तुम्हाला धाडलं नव्हतं, तिथं आता शिक्षा म्हणून धाडलं. धाकटं पोर काखेत, थोरलं चालत, तुम्ही पायवाटेनं खाली उतरलात. मी गोठ्याच्या आडोशाला उभी राहून बघत होते. तुम्ही एकदाही मागं वळला नाहीत. मला वाटलं, अपमान गिळताहेत.

महिनाभर तुमच्या वाटणीचं काम मी केलं आणि तुमच्या वाटणीचं रडलेही. पीठ मळताना एवढी रडायची, की भाकरीत मीठ घालायची गरज नव्हती. दिवाळीनंतर तुम्ही परत आलात ते तोंड चांगलं भरलेलं, गाल वर आलेले. मी मनात म्हटलं, रडून रडून सुजलंय बिचारीचं. किती मूर्ख असावं माणसानं!

तेव्हापासून घट माझा. मी घटाशी बसायची आणि तुम्ही मागून माती चाळून द्यायच्या. दर वर्षी मी तुमच्या तोंडाकडे चोरून बघायची, राग दिसतो का म्हणून. तुम्ही चाळणीत खडे बघत असायच्या. दर वर्षी वाटायचं, आता बोलावं. दर वर्षी कुणीतरी हाक मारायचं, किंवा मीच कुणालातरी हाक मारायची.

त्या घटानंतर तुमच्या डोक्यात मात्र एक किडा शिरला. सासरे म्हणायचे, "थोरलीला झाडांनी झपाटलं." खरंच होतं ते. मला वाचता यायचं, पण बघता तुम्हाला यायचं. पावसानं आडवं झालेलं भात तुम्ही मला दाखवलंत. चार दिवसांत पेराशी वाकून, कोपर टेकून उठणाऱ्या म्हातारीसारखं ते उठत होतं. संध्याकाळी टाकळ्याची पानं मिटतात ती नुसती सावली केली तर मिटतात का, म्हणून तुम्ही भर दुपारी टाकळ्यावर घोंगडी धरून उभ्या राहिलात. एक धनगर शेळ्या घेऊन चालला होता. तो म्हणाला, "वैनी, कुनाला लपवलंय आत?" तुम्ही म्हणालात, "झोपवतीया. गुमान जा." दोडक्याच्या वेलाच्या ताण्याला तुम्ही काडी लावायच्या आणि त्यानं विळखा घातला की हळूच काढून घ्यायच्या, पुन्हा लावायच्या. "बिचाऱ्याला किती छळता," मी म्हणायची. तुम्ही म्हणायच्या, "छळत न्हाई. इचारते."

वालाचं बी तर किती तऱ्हांनी लावलंत. डोळा वर, डोळा खाली, आडवं. रोज एकेक उकरून बघायचं. कसंही लावा, मूळ खाली वळलेलं आणि कोंब वर. "जमिनीत मिट्ट अंधार," तुम्ही म्हणालात, "तिथं ह्याला खालतं कुठं आन् वरतं कुठं, कोन सांगतं गं?"

"देवी," मी म्हटलं. तिसरी शिकलेली मी.

मग तुम्ही रॉकेलचा रिकामा डबा आणलात, एका अंगाला खिळ्यानं भोक पाडलंत आणि कोवळ्या वालावर उपडा घातलात. दोन दिवसांनी भोकातून एक पान बाहेर आलं होतं. तुम्ही मला हाताला धरून ओढत नेलंत. डबा उचलून आत दाखवलंत. सगळी रोपं त्या भोकाकडे माना लांब करून उभी, सभामंडपातून देव बघायला बायका उभ्या राहतात तशी.

"बघ. दाराकडंच तोंड करतंय. ह्यात लक्षान कसलं? उजेडाकडं जातंया नुसतं."

तेव्हा मला वाटलं, तुम्ही हे माझी समजूत घालायला करताहात. 'घट दाराकडं कलला यात तुझ्या नशिबाचं काही नव्हतं, पोरी', असं डब्यातून सांगताहात. माझे डोळे भरून आले. तुम्ही म्हणालात, "रडतीस काय? वाल जळला न्हाई, पिवळा पडलाय."

आणि त्यावरूनच आपलं भांडण सुरू झालं. ते पुढं कित्येक वर्षं चाललं. तुम्ही म्हणायच्या, डब्यातलं रोप उजेडाकडं जातं हे खरं, पण त्या सालच्या घटातलं धान उलटं वागलं. पहाटे दिव्याला तेल घालायला जावं तर ते देव्हाऱ्याकडे, अंधाराकडे वळलेलं असायचं. मी म्हणायची, छे, सकाळी मी फुलं घेऊन जायची तेव्हा ते दाराकडेच असायचं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही म्हणायच्या, डोळे फुटलेत तुझे. मी म्हणायची, तुमचे पहाटेच्या झोपेचे. दोघीही खरं बोलत होतो, आणि का खरं ते दोघीही सांगत नव्हतो. असलं भांडण मिटणार कसं?

माझा सदा भोरच्या शाळेत शिकायला लागला, तेव्हा सुट्टीत आला की तुम्ही त्याला धरायच्या. एकदा त्यानं मास्तरांनी शिकवलेलं सांगितलं. "थोरले आई, कोवळ्या रोपाच्या ज्या अंगाला उजेड कमी, ते अंग जास्त लांबतं. एक बाजू लांब, एक आखूड. मग ते आपसूक उजेडाकडं वाकतं."

तुम्ही भाजी निवडायची थांबलात. "म्हंजी राबती अंधारातली बाजू," तुम्ही म्हणालात, "आन् उजेडाकडली नुसती मान वाकवून मिरवती. आपल्या घरासारकंच की रं." आत्याबाई ओसरीवरच होत्या. त्या नुसत्या खाकरल्या. मी मिटले; तुम्ही काही मिटला नाहीत.

मग तुम्ही त्याला आपलं भांडण सांगितलंत. तो म्हणाला, "एका रात्रीत पूर्ण उलटं? तेही अंधाराकडं? होणं नाही. तुमचं बघण्यात चुकलं असेल." तुम्ही दोन दिवस त्याच्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी तो समजूत घालायला आला, तर नवीनच वाद. तो म्हणाला, रोपाला कळत नसतं, ते घडतं. तुम्ही म्हणालात, "तुला भूक लागती ती काय तुझं तू ठरवून लागती? लागतीच की न्हाई? मग तुलाबी काय कळत न्हाई म्हन." हा वाद तुमचा तसाच राहिला. सदा काल म्हणत होता, उत्तर आता सापडलंय, पण सांगू कुणाला.

भोरचं संस्थान गेलं आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तुमचा दमा वाढला. श्रावणभर तुम्ही उशांना टेकून बसूनच होतात. श्वास घेताना तुमच्या गळ्यातल्या शिरा वर यायच्या ते बघवत नव्हतं. म्हणून म्हणते, सुटलात. हे म्हणायला मला लाज वाटत नाही. शेवटच्या दिवशी सकाळी चहा मागितलात, अर्धा प्यालात, "गोड लई केलास," म्हणालात आणि डोळे मिटले. भांडता भांडताच गेलात. मला बरं वाटलं.

पण त्याच्या चार दिवस आधीची दुपार. भादव्यातलं ऊन पडलं होतं, सुना खाचरात गेल्या होत्या आणि मी तुमचे पाय चेपत होते. मला एकदम वाटलं, आता नाही तर हे माझ्याबरोबरच जळणार. मी खाली मान घालून बोलायला सुरुवात केली. चौथी माळ, आंबवड्याची ती पोर, पोटदुखी, पाच दिवस, सगळं. "तुमी माझ्यापायी बोल खाल्लात," मी म्हटलं. "घटाचा मान गेला तुमचा. शिक्षा म्हनून म्हायेरी जावं लागलं. आन् म्या तोंड उघडलं न्हाई." मला एवढं रडू आलं की तुमच्या पायावर थेंब पडले.

मी घाबरून मान वर केली. तुम्ही माझ्याकडे असं बघत होतात जसं त्या दिवशी डबा उचलून वालाकडे बघितलं होतंत.

"रोज दुपारी फिरवायचीस?" तुम्ही विचारलंत.

"व्हय."

"देव्हाऱ्याकडं?"

"व्हय आक्का."

"अगं भवाने!" तुमचा श्वास अडकला, मी पाणी आणायला उठले, तर तुम्ही माझा हात धरून खाली बसवलंत. तुम्ही हसत होतात! "आन् मी मेली रोज पहाटं दिव्याला त्याल घालायच्या निमतानं ते दाराकडं करायची! तीन वर्सं म्हायेर दिसलं नव्हतं मला. आत्याबाई म्हनाल्या, बाई उंबऱ्याभाईर जायाची, तवा म्या म्हनलं, पावली गं आई, मीच ती! तर रोज पहाटं बघावं तर धान माघारी फिरलेलं. मला वाटायचं देवीच मला सोडंना."

आक्का, आपण दोघी किती हसलो! तुम्ही खोकत हसत होतात, मी रडत हसत होते. पंचवीस वर्षं मी देवीशी भांडले असं समजत होते, ती तुम्ही होतात. तुम्ही माझ्यासाठी बोल खाल्लात म्हणून मी तुमच्यापुढे मान वर केली नव्हती, आणि तुम्ही तर स्वतःचंच कबूल केलं होतं, तेही अर्धंच. मार्गासनीला मागं न बघता गेलात ते अपमानानं नव्हे; परत बोलावतील या भीतीनं! आणि ते गाल रडून सुजले नव्हते, आईच्या हातचं खाऊन भरले होते. सून शेतातून आली तर दोन सासवा एकमेकींचे हात धरून हेलकावे खाताहेत. तिला वाटलं, वात झाला दोघींना.

हसू ओसरल्यावर मी परत पाय चेपायला घेतले. पण एक उरलंच होतं माझ्या मनात. माहेर मिळालं, ठीक. पण थोरलीचा घट धाकटीकडे आला तो कायमचा आला. दर वर्षी तुम्ही मागं बसून माती चाळलीत. ते तर मी घेतलंच होतं तुमच्याकडून. हात थांबवून मी विचारलं, "आन् मान? त्येचं वाईट न्हाई वाटलं कदी?"

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मग म्हणालात,

"नऊ दिस उपाशी तू, पहाटं गार पान्याची आंघूळ तुला, आन् देवी पावली ती समद्या घराला. माझं काय गेलं गं? तू पाय चेप, थांबू नगंस."